मदत हवी आहे: सिझरवाल्या आईला कांगारू केअरसाठी (बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरणं) कसं बसवायचं?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून पोस्टनेटल (बाळंतपणानंतरच्या) वॉर्डला नुकतीच लागलेय. सिझरचा तिसरा दिवस, बाळ 36 आठवड्यांचं, जन्माचं वजन 2100 ग्रॅम, आज 1980. शी-शू व्यवस्थित, शुगर नॉर्मल, डॉक्टरांनी तपासलंय. पण चार घोट घेतले की छातीशीच झोपतं, तळवे चोळले, दुपटं काढलं तरी डोळा उघडत नाही म्हणून हाताने दूध काढून दर दोन तासांनी वाटी-चमच्याने पाजतोय. कांगारू केअरला एका वेळी निदान तासभर तरी हवा ना, पण आईला टाके ओढतात, अर्ध्या तासात बिचारी रडकुंडीला येते. पेनकिलर चालू आहे. रिक्लायनर नाही, साधी कॉट आणि दोनच उशा. सासूबाई मधेमधे बाळाला छातीशी घेतात, तेवढाच आधार. पण दूध नीट उतरायला आईच्याच छातीशी हवं. तर कॉटवर तिला किती तिरकं टेकवू आणि उशा नेमक्या कुठे लावू म्हणजे टाक्यांवर ताण येणार नाही?