शहरातल्या हातावरच्या पोटाला रोजगार हमी का नको?

वारजेकर:
बरेच दिवस डोक्यात आहे ते आज लिहून टाकतो. मी पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यापासून पाच मिनिटांवर राहतो, रोज सकाळी तिथूनच बस पकडतो. साडेसातपासून रोजंदारीचं काम मिळेल म्हणून माणसं येऊन उभी राहतात, गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले, आणि बायका पण बऱ्याच असतात. थापी आणि ओळंबा गोणपाटात गुंडाळलेला, दुसऱ्या हातात डबा. नऊपर्यंत भाव टिकतो, दहानंतर गवंडी अकराशेवरून आठशेला येतो आणि अकरा वाजता तिथेच दुभाजकावर बसून डबा उघडला की समजायचं आजचा दिवस गेला. पावसाळ्यात हे डबे रोज दिसतात.

त्यातल्या एका गवंड्याशी माझी ओळख झालीये. जुलैमध्ये त्याला महिन्यात १२ दिवस काम मिळालं. म्हणजे १३ हजार आणि काही. बायको दोन घरी पोळ्या करते त्याचे ५ हजार. खोलीभाडं साडेसहा, लाइटबिल वेगळं, बचतगटाचा हप्ता दर आठवड्याला, दोन मुलं शाळेत. तो बेकार आहे का? सरकारी हिशोबात नाही. दरिद्री आहे का? रेशनच्या हिशोबात तोही नाही. पण त्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये उधारीवर किराणा येतो आणि ती उधारी फिटायला दिवाळी उजाडते.

हाच माणूस गावी असता तर त्याला काम मागायचा कायदेशीर हक्क असता. रोजगार हमी आपल्याच महाराष्ट्रानं देशाला दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी १९६५ ला सांगली जिल्ह्यात विसापूरला प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला. आणि तिच्यासाठी पैसा कुठून काढला, तर १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून, म्हणजे आपल्या सॅलरी स्लिपवर पीटी म्हणून जे दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ते. शहरातल्या नोकरदारानं भरायचं, राज्यानं तेवढेच घालायचे, आणि खेड्यातल्या माणसाला काम. अतिशय योग्य केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तीच खेड्यातली माणसं आज शहराच्या अड्ड्यावर उभी आहेत आणि कायदा अजून गावच्या वेशीवरच थांबलाय. केंद्राचा २००५ चा कायदा (मनरेगा) पण ग्रामीण भागापुरताच होता. माझं म्हणणं सरळ आहे, शहरातल्या प्रत्येक घराला वर्षातून निदान १०० दिवस काम मागता आलं पाहिजे, कायद्यानं. तुम्हाला काय वाटतं?

हिशोबी:
कळकळ पटली, उपाय नाही पटला.

शहरात कामाचा तुटवडा हा मुख्य प्रश्न नाहीच आहे. कामाला दाम नाही आणि भाडं परवडत नाही, हा प्रश्न आहे. तुम्हीच दिलेलं उदाहरण बघा ना, बाईचे ५ हजार आणि भाडं साडेसहा, म्हणजे ती जे कमावते ते पूर्ण खोलीवाल्याकडे जातं आणि वरून नवऱ्याला दीड हजार घालावे लागतात. आता हमीच्या कामावर मजुरी किती देणार ते सांगा. चारशे दिली तर आठशेला उतरलेला गवंडी पण येणार नाही. आठशे दिली तर महापालिकेच्या तिजोरीचं काय होईल? पुणे-मुंबई सोडा, लहान नगरपालिकांना स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर करताना नाकी नऊ येतात.

त्यापेक्षा आपल्याकडे दुसरं एक मॉडेल आहे जे कुणी आठवत नाही. १९६९ चा माथाडी, म्हणजे हमालांचा, कायदा. हमाल पण रोज नव्या मालकाकडेच काम करायचा. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी लढून मंडळ आणलं, मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही (मजुरीवर ठरावीक जादा रक्कम) भरायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. काम कुणाचंही असो, माणूस मंडळाचा. अड्ड्यावरच्या मजुराला हे द्या. खड्डे खणायची हमी देऊन काय होणार?

माजी_मुकादम:
मी माण तालुक्यातला, रोहयोच्या (रोजगार हमी योजनेच्या) कामांवर हजेरी घेतलीये, त्यामुळे दोन्ही बाजू डोळ्यांनी बघितल्यात.

चांगली बाजू आधी. काम मागितलं की द्यावंच लागायचं. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. बायका पुरुषांपेक्षा जास्त असायच्या आणि मजुरीचा दर दोघांना एकच, शेतावर तेव्हा असं कुठे नव्हतं. पाटलाच्या शेतावर पण मग मजुरी वाढवावी लागली कारण बाईला सांगता यायचं की नाहीतर मी रोहयोवर जाते. हिशोबी, तुमच्या दामाच्या प्रश्नाला इथं थोडं उत्तर आहे बघा. हमीची मजुरी कमी असली तरी तिच्या खाली कुणी जाऊ शकत नाही. अड्ड्यावर अकरा वाजता जो भाव पडतो तो पडायचा थांबेल.

आता वाईट बाजू. मस्टरवर (हजेरीपटावर) जी नावं असायची त्यातली सगळी माणसं कामावर नसायची. मेलेल्या माणसांची हजेरी लागलेली मी पाहिलीये. आणि खेड्यात काम निदान मोजता यायचं, एवढी घनमीटर माती, एवढी खडी. शहरात काय मोजणार? झाडलोट? ती तर महापालिकेत आधीच ठेक्यावर चालू आहे. हमीचे मजूर स्वस्तात मिळतायत म्हटल्यावर ठेकेदार आत्ताच्या झाडूवाल्यांना घरी पाठवेल आणि तेच झाडूवाले उद्या हमीच्या रांगेत उभे राहतील, आधी बारा महिन्यांचा पगार होता तो १०० दिवसांवर येईल. याची मला खरंच भीती वाटते. या एका कारणासाठी मी अजून तुमच्या बाजूला येत नाही.

निशिगंध:
सगळा धागा वाचला. अड्ड्यावरचा माणूस दिसतो तरी, मी ज्या बायकांसोबत काम करते त्या दिसतच नाहीत म्हणून लिहितेय. आमच्या वस्तीत आठ बचतगट बघते मी.

बेकारी मोजायची पद्धत काय आहे माहितीये का, साप्ताहिक हिशोबात मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल तर ती व्यक्ती कामावर. घरच्या टपरीवर बिनपगारी बसली तरी कामावर. आमच्याकडे एक ताई आहे, घरी बसून टिकल्यांची पाकिटं भरते, सासू आणि शाळेतून आलेली मुलगी पण हात लावतात, तिघींच्या संध्याकाळचे मिळून साठ-सत्तर रुपये होतात. तीन माणसं रोजगारात! नवरा डिलिव्हरीला, गाडीचा हप्ता त्याच्याच कमाईतून, पेट्रोल पण त्याचंच, गाडी पडली आणि हाताला लागलं तर तेवढे दिवस शून्य. हे घर कुठल्याच यादीत गरीब नाही आणि कुठल्याच यादीत बेकार नाही.

तिला लांब जाता येत नाही कारण लहान मूल आहे. घराजवळ काम आणि तिथंच पाळणाघर, एवढं दिलं तर ती उद्या टिकल्या सोडेल. रोहयोच्या कामावर सावली, पाणी, मुलं सांभाळायला बाई ही सोय कायद्यातच होती ना, मुकादम दादा सांगतील. म्हणून मला हमी हवी आहे. माथाडीसारखं मंडळ घरात बसून काम करणारीला काय देणार, तिला मालक कोण हेच माहीत नाही, माल आणून देणारा मधला माणूस तेवढा माहीत असतो.

हिशोबी:
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, मान्य. घरकामगारांचं मंडळ २००८ च्या कायद्यानं झालंय पण टिकल्या भरणारी त्यातही बसत नाही.

पण मग सरळ पैसे का नकोत? लाडकी बहीणचे १,५०० येतातच ना खात्यात, ते वाढवा. त्यात मस्टर नाही, मुकादम नाही, मेलेल्यांची हजेरी नाही.

वारजेकर:
पैशाला माझा विरोध नाही. पण पैसे द्यायचे म्हणजे आधी ठरवावं लागतं कुणाला, आणि शहरात ते ठरवताना दरवेळी गरीबच बाहेर राहतो. रेशनचंच घ्या. महाराष्ट्रात २०१४ ला अन्नसुरक्षा कायदा लागू झाला तेव्हा शहरात प्राधान्य कुटुंबासाठी (ज्यांना स्वस्त धान्य मिळतं त्यांच्यासाठी) वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार धरली. भागून बघा, दिवसाला १६२ रुपये आणि ते अख्ख्या कुटुंबाचे. पुण्यात कुठलं कुटुंब दिवसाला १६२ वर जगून वर भाडं भरतंय? म्हणजे दाखला काढायचा तर खोटं लिहावं लागतं आणि ज्याला खोटं लिहायला जमत नाही किंवा ज्याच्याकडे भाडेकराराचा कागदच नाही तो सुटतो. दारिद्र्यरेषेचं पण तेच. २०११ मध्ये नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात शहरासाठी दिवसाला माणशी ३२ रुपये सांगितले, केवढा गदारोळ झाला, मग २०१४ ला रंगराजन समितीनं ४७ केले. भाडं चुकवताना घरात कशी ओढाताण होते ते यातल्या कुठल्या आकड्यात आलंय?

कामाच्या हमीत ही भानगडच नाही. ज्याला गरज आहे तो येईल. ज्याला नाही तो ऑगस्टच्या पावसात फावडं धरायला कशाला येईल? उत्पन्नाचा दाखला लागत नाही, भाडेकरार लागत नाही.

आणि मंडळाचं म्हणाल तर बांधकाम कामगारांसाठी मंडळ आहेच की, १९९६ च्या कायद्यानं आलेलं, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो त्यात. लाभ घ्यायला वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या ओळखीच्या गवंड्यानं दोन वर्षं प्रयत्न केला. रोज नवा मालक, सही कोण देणार? ठेकेदार म्हणतो मी कशाला अडकू, ऑफिसात गेलं की एक दिवसाचा खाडा, एजंट पैसे मागतो. शेवटी सोडून दिलं त्यानं. मंडळ चांगलंच आहे पण दारातच ९० दिवसांचा उंबरा ठेवलाय.

पदवीधर_९९:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. या सगळ्यात आम्ही कुठे आहोत? बीकॉम झालोय, घरात वडील सिक्युरिटीत बारा तासांच्या ड्युटीवर, आई घरी. २०२४ ला राज्य सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत लागलो, पदवीधरांना महिना १० हजार होते, एका सरकारी कार्यालयात बसवलं. आधी सहा महिने म्हणाले, मग पाच वाढवून दिले, अकरा महिने मी तिथले नियमित कामच करत होतो, नोंदी, जावक, सगळं. बाराव्या महिन्यात घरी. ती जागा रिकामीच होती आणि अजून रिकामीच आहे!

आता तुम्ही म्हणताय १०० दिवसांची हमी. १०० दिवसांनी मी परत काय करू? घर काही वर्षाला १०० दिवस चालत नाही. आधी भरती करा, मंजूर पदं भरा, तेवढं केलं तरी माझ्यासारखी किती घरं वर येतील. आणि खरं सांगतो, वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं ते मी ओढा साफ करावा म्हणून नाही.

निशिगंध:
तुझा राग रास्त आहे रे, आणि पदं भरलीच पाहिजेत, त्यावर इथं कुणाचं दुमत नसेल. पण ओढा साफ करणं हलकं काम आहे असं नको म्हणू. तुझे वडील बारा तास उभे राहतात ते काम आणि हे काम, दोन्हीत एकच घाम आहे.

वारजेकर:
पदवीधर, तुमच्या बाबतीत जे झालं ते उलट माझ्या बाजूचं आहे. ती योजना होती, हक्क नव्हता. वाढवली तर वाढवली, थांबवली तर थांबवली, तुम्हाला कुठे दाद मागता आली? राजस्थाननं २०२२ ला शहरी रोजगार हमी सुरू केली, केरळनं तर २०१० मध्येच तिथले समाजसुधारक अय्यंकाळींच्या नावानं केली. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली तिथं मात्र शहरांसाठी अशी हमी नाही, हे मला फार लागतं.

पण माजी मुकादमांच्या झाडूवाल्यांच्या मुद्द्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. तो सगळ्यात अवघड आहे.

हिशोबी:
त्यावर मी रात्री विचार केला. माझी पूर्ण संमती नाहीच, पण या अटींवर मी विरोध सोडेन. एक, जी कामं आज कायम किंवा ठेक्याच्या माणसांकडून होतात ती हमीत घ्यायचीच नाहीत, यादीच करायची. दोन, पैसा राज्याचा, नगरपालिकेच्या गळ्यात नाही घालायचा, पीटीचा एक हिस्सा शहराकडे वळवा म्हणजे भरणाऱ्यालाही दिसेल कुठे गेला. तीन, आधी फक्त जून ते सप्टेंबर. तेव्हाच बांधकामं थंडावतात आणि तेव्हाच उधारी चढते. आणि भाड्याचा प्रश्न यानं सुटत नाही हे माझं म्हणणं कायम आहे, त्यावर मी वेगळं लिहीन.

माजी_मुकादम:
यादी करायची असेल तर मी बसतो. पावसाळ्यात होण्यासारखी आणि फूटपट्टीनं मोजता येतील अशी: टेकडीवर खड्डे घेऊन झाडं लावणं आणि जगवणं, महापालिका शाळांच्या भिंतींची गिलावा-रंग दुरुस्ती, दवाखान्यातले रेकॉर्ड लावणं. शेवटचं पदवीधरांसारख्या पोरांसाठी. पाळणाघराची बाई पण मस्टरवरच, तिचा दिवस पूर्ण धरायचा. आणि हजेरी रोज दुपारी कामाच्या ठिकाणी फळ्यावर नावासकट, म्हणजे मेलेला माणूस असेल तर वस्तीच सांगेल. पुण्यात नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात वॉर्डातली कामं सुचवता येतात, तो अर्ज घेऊन एका वॉर्डाचा तरी कागद तयार करू.

वारजेकर:
रविवारी दहाला जमेल का? अड्ड्याच्या पलीकडे चहावाल्याकडे बसू. त्या गवंड्याला पण बोलावतो. काम मिळालं नाही तर तो अकराला येईल, मिळालं तर संध्याकाळी परत एकदा बसू.