क्रीडा-प्रायोजकत्वामागची राज्यसत्ता कशी शोधावी?

राजापूरकर
मी रत्नागिरीत राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून प्रबंधासाठी सौदी अरेबियाच्या क्रीडा-प्रायोजकत्वाचा विषय घेतला आहे. आरामको या सौदी सरकारी तेल कंपनीचे नाव आमच्या तालुक्यात क्रिकेटमुळे नव्हे, तर नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०१८ मध्ये झालेल्या करारामुळे घरोघरी पोहोचले. त्याच कंपनीचे नाव २०२२ च्या आयपीएलमध्ये ऑरेंज आणि पर्पल कॅपला लागले, पुढे आयसीसीच्या स्पर्धांत सामनावीराच्या पुरस्कारालाही लागले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तर आयपीएलचा लिलावच सौदी अरेबियातील जेद्दाला झाला. अशा नोंदींची यादी तयार आहे, परंतु "ही निव्वळ जाहिरात झाली, यात राज्यशास्त्र कुठे आहे?" असे मार्गदर्शकांनी विचारले, तेव्हा मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या कागदपत्रांच्या आधारे राज्यसत्तेचा प्रभाव कसा दाखवावा, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

मिऱ्याबंदर
मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे. लोगो मोजून फार तर खर्चाचा आवाका कळतो, त्यामुळे सुरुवात कंपन्यांपासून न करता पदांपासून करावी. यासिर अल-रुमय्यान हे एकच गृहस्थ सौदी सरकारच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचे गव्हर्नर, आरामकोचे अध्यक्ष आणि न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचेही अध्यक्ष आहेत, हे कळल्यावर प्रायोजक कोण आणि मालक कोण ही विभागणी बरीचशी कागदोपत्रीच उरते.

त्यानंतर एकच संस्था निरनिराळ्या ठिकाणी स्वतःविषयी काय सांगते, ते शेजारी शेजारी ठेवून वाचावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये या निधीच्या नेतृत्वाखालील गटाने न्यूकॅसल विकत घेतला, तेव्हा सौदी राज्यसत्ता क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही अशी कायदेशीर बंधनकारक हमी मिळाल्याचे प्रीमियर लीग या इंग्लिश फुटबॉल लीगने जाहीर केले होते. पुढे २०२३ मध्ये, लिव्ह गोल्फ या त्याच निधीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या स्पर्धामालिकेच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयापुढे माहिती उघड करण्याची वेळ आली, तेव्हा मात्र हा निधी सार्वभौम राज्याचेच अंग आहे आणि रुमय्यान हे सरकारातील विद्यमान मंत्री आहेत, असा युक्तिवाद याच निधीच्या वकिलांनी केला. इंग्लंडात राज्यसत्तेपासून वेगळा आणि अमेरिकेत राज्यसत्तेचाच भाग! मार्गदर्शकांपुढे हे दोन कागद ठेवले, तर "राज्यशास्त्र कुठे आहे" हा प्रश्न ते पुन्हा विचारतील असे वाटत नाही. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबांच्या कंपन्यांचे संचालक आणि वार्षिक हिशेब विनामूल्य पाहता येतात, तेही सोडू नयेत.

देवगडवासी
वरील सूचना मला मान्य आहेत, पण सरकारशी संबंधित प्रत्येक नाव संशयाच्या खात्यात टाकू नये. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात कर्नाटक दूध महासंघाचे 'नंदिनी' हे नाव स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या खेळाडूंच्या जर्सीवर होते. म्हणून बंगळुरूला एडिंबरोच्या राजकारणात शिरायचे होते, असे कोणी म्हणणार नाही. पैसा घेणारी संस्था त्या पैशावर किती अवलंबून आहे, ही माझ्या मते खरी कसोटी आहे. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेचे रशियन अध्यक्ष उमर क्रेमलेव यांच्या काळात गाझप्रोम ही रशियन सरकारी कंपनी मुख्य प्रायोजक झाली; या अवलंबित्वावर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने वारंवार आक्षेप घेतला आणि कारभाराच्या इतर तक्रारींसह ते प्रकरण जून २०२३ मध्ये मान्यता काढून घेण्यापर्यंत गेले. याउलट युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाला २०१२ पासून गाझप्रोमचा पैसा मिळत होता, तरी युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये काही दिवसांतच तो करार तिला मोडता आला. प्रायोजक एकच, पण घेणाऱ्यांची अवस्था किती वेगळी होती, ते पाहावे.

यादीचे काम नव्याने करत बसू नका. डेन्मार्कच्या 'प्ले द गेम' या उपक्रमाने २०२४ मध्ये सौदी प्रायोजकत्वाच्या ९०० हून अधिक नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत.

मिऱ्याबंदर
तारखांविषयी एक सांगायचे राहिले. फिफाने ऑक्टोबर २०२३ मध्ये २०३४ च्या विश्वचषकासाठी इच्छुक देशांना महिन्याभराचीही मुदत दिली नाही आणि सौदी अरेबिया एकटाच रिंगणात उरला. एप्रिल २०२४ मध्ये आरामको फिफाची भागीदार झाली. ११ डिसेंबर २०२४ रोजी यजमानपद मिळाले. हा क्रम लिहावा, मात्र 'म्हणून' हा शब्द पुरावा हाती आल्याखेरीज वापरू नये, कारण तोंडी परीक्षेत नेमके तिथेच धरतात.

राजापूरकर
दोघांचेही आभार. व्याप्ती कमी करून २०२२ ते २०२४ या काळातील क्रिकेटपुरताच प्रबंध मर्यादित ठेवावा असे आता वाटते, आणि न्यूकॅसलचे प्रकरण केवळ पद्धत समजावण्यासाठी घ्यावे. बीसीसीआय किंवा आयसीसीच्या प्रकाशित वार्षिक अहवालांत प्रायोजकनिहाय रकमा दिलेल्या असतात का, हे कोणी पाहिले असल्यास कळवावे.