मंदीत मोठ्या कंपनीला सरकारी आधार मिळतो, तेव्हा तिच्या लहान पुरवठादारांची थकलेली बिले आधी का चुकती होत नाहीत?

भोसरी_वर्कशॉप (प्रश्न):

नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे भागीदारीतले मशिनिंगचे वर्कशॉप आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे जॉबवर्क आम्ही करतो. कास्टिंग त्यांच्याकडून येते, आम्ही ते व्हीएमसी या संगणकचलित मशीनवर लावून बोअर, फेस आणि ड्रिलिंग करून परत पाठवतो आणि नगावर दर मिळतो.

२०१९ च्या मंदीत काय झाले ते अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. आमच्याकडे येणारे महिन्याचे शेड्यूल निम्म्यावर आले, हे समजण्यासारखे होते. पण जो माल आधीच तपासून, स्वीकारून, वाहनांत बसवून विकला गेला होता, त्याची बिलेही साठ दिवसांवरून नव्वद आणि पुढे एकशेवीस दिवसांवर गेली. एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागात चौकशी केली, तेव्हा ‘सध्या वरूनच पेमेंट थांबवले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्या काळात कामगारांचे पगार, विजेचे बिल आणि मशीनचे हप्ते आम्ही ज्या पैशांतून भरले, ते घरातले होते.

त्याच वर्षी २० सप्टेंबरला केंद्र सरकारने इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी तो १५ टक्के केला. यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. भागीदारी संस्थेचा दर मात्र ३० टक्केच राहिला. आमच्या गल्लीतील बहुतेक वर्कशॉप एकल मालकीची किंवा भागीदारीतली आहेत, त्यामुळे या कपातीचा त्यांना थेट काहीही लाभ झाला नाही.

मोठ्या कंपन्यांना मदत करताना दरवेळी सांगितले जाते की त्यांच्यावर हजारो लहान पुरवठादार अवलंबून आहेत. कारण म्हणून आमचे नाव घेतले जाते, तर मग मदतीच्या अटींमध्ये ‘लहान पुरवठादारांची मुदत उलटलेली बिले प्रथम चुकती करावीत’ अशी अट का नसते? जगात कुठे असा प्रयत्न झाला आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_कर्जअधिकारी:

मी एका सरकारी बँकेच्या लघुउद्योग शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो, त्यामुळे २०२० च्या योजनेबद्दल जवळून सांगू शकतो. १३ मे २०२० रोजी ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्ज हमी योजना जाहीर झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर जेवढे कर्ज शिल्लक होते, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत वाढीव कर्ज, तेही नवे तारण न घेता आणि सरकारच्या शंभर टक्के हमीवर, असे तिचे स्वरूप होते. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के होती, मुदत चार वर्षांची आणि पहिले वर्ष मुद्दल भरण्याची सक्ती नव्हती. पुढे टप्प्याटप्प्याने ही मर्यादा ५ लाख कोटींपर्यंत वाढवण्यात आली. या योजनेने अनेक कारखान्यांची दारे उघडी राहिली, हे मी शाखेत बसून पाहिले आहे आणि ते मान्य न करणे अन्यायाचे होईल.

परंतु योजनेची रचनाच अशी होती की ज्याच्या नावावर आधीपासून कर्ज आहे, त्यालाच ते मिळे. स्वतःच्या भांडवलावर धंदा उभा केलेला, किंवा नातेवाइकांकडून उसने घेऊन लेथ विकत घेतलेला माणूस या हिशेबात बसतच नव्हता. ज्यांचे हप्ते फेब्रुवारी २०२० अखेर साठ दिवसांहून अधिक थकले होते, तेही बाहेर राहिले, आणि २०१९ च्या मंदीत ग्राहकांनी पैसे अडवल्यामुळे हप्ते चुकलेली खाती त्यांत होती.

याहून मला खटकलेली गोष्ट वेगळी आहे. एक फाउंड्रीवाले गृहस्थ या कर्जासाठी आले होते. त्यांचा ताळेबंद पाहिला, तर ते जेवढे कर्ज मागत होते, त्याहून मोठी रक्कम दोन बड्या खरेदीदारांकडे सहा महिन्यांहून जास्त काळ अडकलेली होती. म्हणजे स्वतःचेच पैसे हाती येत नाहीत म्हणून त्यांनी सरकारी हमीवर कर्ज काढले, त्यावर व्याज भरले, आणि खरेदीदारांनी मात्र त्यांचे पैसे बिनव्याजी वापरले. कागदोपत्री ही मदत लघुउद्योगाला दिलेली दिसते. तिचा एक भाग प्रत्यक्षात कोणाला मिळाला, हे या ताळेबंदावरून कळते.

अर्थशास्त्र_अध्यापक:

भोसरीच्या मित्रांची तक्रार रास्त आहे, तरी ‘मोठ्यांना वाचवले आणि लहानांना सोडले’ अशी सरसकट मांडणी करू नये असे मला वाटते. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम काढता येईना. त्या बँकेत चालू खाते असलेल्या दुकानदारांचे आणि कारखानदारांचे व्यवहार एका संध्याकाळी थांबले. फोनपेची सेवा त्या बँकेवर अवलंबून असल्याने तिच्यामार्फत पैसे घेणाऱ्यांचीही अडचण झाली. स्टेट बँकेच्या पुढाकाराने इतर बँकांनी भांडवल घातले आणि १८ मार्चला निर्बंध उठले. ही सुटका झाली नसती, तर पहिला फटका लहान माणसालाच बसला असता.

कंपनी आणि तिचे मालक यांत फरक केला पाहिजे. येस बँकेच्या ८,४१५ कोटी रुपयांच्या विशेष रोख्यांची किंमत शून्य करण्यात आली. त्यावरून न्यायालयीन वाद झाले, पण पैसे गुंतवणाऱ्यांनीही तोटा सोसावा हे तत्त्व त्यात होते. व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत सरकारने २०२३ मध्ये १६,१३३ कोटी रुपयांच्या व्याजाच्या आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटींच्या देण्याच्या बदल्यात प्रत्येकी १० रुपये दराने समभाग घेतले, आणि सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. दूरसंचार क्षेत्रात दोनच खासगी कंपन्या उरू नयेत, हा हेतू मला पटतो. मात्र देण्याचे समभागांत रूपांतर करताना कंपनीच्या लहान कंत्राटदारांच्या थकबाकीची अट घालता आली असती का, हा आपला प्रश्न तिथेही लागू होतो, हे मी मान्य करतो.

मिशिगनहून_मृणाल:

जगात असा प्रयत्न झाला आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि मी ज्या भागात राहते तिथेच तो झाला. मी येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अभियंता आहे.

२००८ च्या अखेरीस जनरल मोटर्स आणि क्रायस्लर बुडण्याच्या बेतात होत्या. अमेरिकी सरकारने त्यांना कर्जे दिलीच, पण मार्च २००९ मध्ये पुरवठादारांसाठी ५ अब्ज डॉलरपर्यंतची वेगळी योजना जाहीर केली. पुरवठादाराने माल पाठवला की त्याच्या बिलाला सरकारी पाठबळ मिळे. थोडे शुल्क भरून तो एकतर नियत तारखेच्या पेमेंटची हमी घेई किंवा लगेच पैसे घेई. वाहन कंपनी उद्या दिवाळखोरीत गेली तरी आपले बिल बुडणार नाही, एवढा विश्वास मिळाल्यावर पुरवठादार माल पाठवत राहतील, ही त्यामागची कल्पना होती. प्रत्यक्षात यातून सुमारे ४१ कोटी डॉलरच वापरले गेले आणि ते पूर्ण परत आले.

योजनेत एक मोठा दोष होता. कोणत्या पुरवठादाराला तिच्यात घ्यायचे, हे वाहन कंपन्याच ठरवत. साहजिकच ज्यांच्याशी थेट व्यवहार आहे अशांना स्थान मिळाले, आणि त्यांच्या खालच्या पायरीवरच्या, म्हणजे भोसरीतल्या आपल्यासारख्या छोट्या वर्कशॉपांपर्यंत ती पोहोचलीच पाहिजे, अशी सोय नव्हती. भारतात कोणी याची नक्कल करणार असेल, तर निवडीचा अधिकार ग्राहक कंपनीच्या हाती मुळीच देऊ नये.

वाहन विक्रेत्यांचा अनुभव तर त्याहून कटू होता. मे २००९ मध्ये क्रायस्लरने ७८९ विक्रेत्यांचे करार संपवले आणि त्यांना आवराआवर करायला महिनाही मिळाला नाही. त्यांतली कित्येक घराणी पिढ्यानपिढ्या गावातला तोच धंदा करत होती. या मदत निधीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी महानिरीक्षकांनीही २०१० च्या अहवालात, इतक्या घाईने विक्रेते बंद करण्याची गरज होती का, असा प्रश्न उपस्थित केला. सार्वजनिक पैशावर तगलेल्या कंपनीने लहान व्यावसायिकांना असे वागवले, याचा राग मला आजही येतो.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जनरल मोटर्सच्या जुन्या भागधारकांच्या हाती काहीच उरले नाही, मुख्य कार्यकारी अधिकारी रिक वॅगनर यांना मार्च २००९ मध्ये पद सोडावे लागले, आणि सरकारने शेवटचे समभाग डिसेंबर २०१३ मध्ये विकले तेव्हा करदात्यांचा ११ अब्ज डॉलरच्या आसपास तोटा झाला होता. किंमत मोठी होती, पण निदान ती मालकांनीही मोजली.

सनदी_लेखापाल_नाशिक:

कायद्याच्या बाजूने लिहितो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. थकलेल्या बिलांचे वाद याच कायद्याखाली सोडवणाऱ्या सुविधा परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल, तर खरेदीदाराला आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा एवढा कडक असूनही माझे अशील परिषदेकडे जातात ते ग्राहक कायमचा तुटल्यानंतरच, कारण पुढची ऑर्डर त्याच्याच हातात असते.

मंदीत तर संरक्षण आणखी पातळ झाले. २४ मार्च २०२० रोजी दिवाळखोरी संहितेखालील अर्जासाठी थकबाकीची किमान रक्कम १ लाखावरून १ कोटी रुपये करण्यात आली. अडचणीतल्या कंपन्यांना अकारण न्यायाधिकरणात खेचले जाऊ नये, हा हेतू असला तरी ३० किंवा ४० लाखांसाठी खेटे घालणाऱ्या पुरवठादाराच्या हातातले शेवटचे साधन त्यामुळे गेले. दुसऱ्या कोणाच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरीत गेलीच, तर निर्णय घेणाऱ्या समितीत बँका बसतात. पुरवठादाराला सहसा तिथे मत नसते, आणि वाटपात त्याचा क्रमांक इतका खाली असतो की पुष्कळदा हाती काहीच येत नाही.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४३ब चा उपखंड (एच) आणला. सूक्ष्म व लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच ती वजावट मिळते. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, म्हणजे २०२३-२४ च्या हिशेबापासून, हा नियम लागू झाला आणि मार्च २०२४ मध्ये माझ्या काही अशिलांची जुनी येणी खरोखरच वसूल झाली. काहींना मात्र ‘उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ’ असे सांगण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अट घालायला माहितीचा अभाव आहे, ही सबब सरकारला सांगता येणार नाही. २०१९ पासून, सूक्ष्म व लघु उद्योगांची ४५ दिवसांहून जुनी देणी असलेल्या प्रत्येक कंपनीने वर्षातून दोनदा एमएसएमई-१ या नमुन्यात त्यांचा तपशील कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरायचा असतो. कोणी, कोणाचे, किती आणि का थकवले, हे सर्व त्यात येते. कर्जफेडीस मुदतवाढ, देण्याचे समभागांत रूपांतर किंवा सरकारी हमी यांपैकी काहीही देण्यापूर्वी हा नमुना मागवावा आणि त्यातील बाकी शून्यावर आणण्याची मुदत ठरवून द्यावी, एवढे एका शासकीय आदेशाने होऊ शकते.

अर्थशास्त्र_अध्यापक:

सूचना चांगली आहे, पण पैशाला वाट एकच नसते. कंपनी मदतीच्या रकमेतून बिले चुकती करील आणि पुढच्या तिमाहीत नव्या बिलांना तेवढाच उशीर लावील. यावर काय उपाय?

सनदी_लेखापाल_नाशिक:

मदतीची ठरावीक रक्कम कंपनीच्या खात्यात जाऊच देऊ नये. ट्रेड्स या बिलवटणावळीच्या ऑनलाइन व्यवस्थेत २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. तिथे पुरवठादाराचे बिल खरेदीदाराने एकदा स्वीकारले की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला लगेच पैसे मिळतात. देय तारखेला खरेदीदार बँकेला पैसे देतो. अडचण अशी की नोंदणी सक्तीची असली तरी बिल स्वीकारण्याची सक्ती नाही. आधार घेणाऱ्या कंपनीला निदान मदतीचा काळ संपेपर्यंत, माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या दिवसांत प्रत्येक बिल ट्रेड्सवर मान्य करणे बंधनकारक करावे. मग उशीर लावायला जागा उरत नाही, आणि कोणाचे बिल घ्यायचे याची निवडही कंपनीकडे राहत नाही.

भोसरी_वर्कशॉप:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या लघुउद्योग संघटनेच्या पुढील बैठकीत एमएसएमई-१ आणि ट्रेड्स यांसंबंधीच्या दोन्ही अटी ठराव म्हणून मांडणार आहे. एक शंका राहते. आम्ही थेट वाहन कंपनीला माल देत नाही, तिच्या पुरवठादाराला देतो, आणि तो पुरवठादार स्वतः मध्यम उद्योग आहे. वाहन कंपनीला आधार मिळाला आणि तिने त्याची बिले वेळेवर दिली, तरी त्याने आमची द्यावीत हे कोण पाहणार?

सनदी_लेखापाल_नाशिक:

त्याच्याविरुद्ध ४५ दिवसांचा नियम आजही लागू आहे, कारण खरेदीदार कितीही लहान असला तरी कायद्यातून सुटत नाही. आधाराची अट मात्र त्याच्यापर्यंत आपोआप जाणार नाही. म्हणून ठरावात तिसरे वाक्य घाला: वाहन कंपनीकडून ट्रेड्समार्फत पैसे घेणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराने आपली सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी मुदतीत दिल्याचे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र दर तिमाहीस सादर करावे. मसुदा तयार झाल्यावर येथे टाका, मी कलमांचे क्रमांक तपासून देईन.