'आनंद करा' हे वाचून आनंद होत नाही, तेव्हा नेमकं काय करायचं?

मोहरीचा_दाणा

विश्वास असावा की नसावा, हा प्रश्न नाही. विश्वास आहे, प्रार्थना चालू आहे, उपासनाही चुकत नाही. पण लांबलेलं आजारपण, गेलेली नोकरी, घरातला मृत्यू असा काळ आला की 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' (फिलिप्पै ४:४) हे बायबलमधलं वचन दिलासा देण्याऐवजी हजेरी घेतल्यासारखं वाटू लागतं. आनंद होत नाही म्हणजे विश्वासच कमी पडला, असं मन सांगतं आणि मूळ दुःखावर अपराधीपणाचं ओझं चढतं.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मनात आनंद नसताना प्रार्थनेत काय म्हणायचं? 'धन्यवाद प्रभू' म्हटलं तर ते खोटं ठरतं का? आणि देवाची योजना दिसत नसताना आजच्या दिवसाला हेतू कुठून आणायचा? शक्य असेल तर कोणता उतारा, किती वेळ, कोणत्या क्रमाने, असं सांगा. 'विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल' हे उत्तर पाठ आहे, कृपया ते नको.

जुनी_शाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बायबलमध्ये तयार आहे, आपण ते वापरत नाही एवढंच. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. (आपल्या गाण्यांच्या पुस्तकांत हे प्रमाण किती आहे ते एकदा मोजून बघा.) म्हणजे रडगाणं हा प्रार्थनेचा मान्य प्रकार आहे आणि त्याला ठरलेली बांधणीही आहे.

स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा प्रश्न मूळ इब्रीत चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश येऊ दे. पाचव्या-सहाव्यात भरवसा. तक्रार, मागणं, भरवसा, हा क्रम सोडू नका.

वही घ्या, पंधरा मिनिटं काढा. पहिली सात मिनिटं 'कोठवर'ने सुरू होणारी चार वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्य देवाला उद्देशून, 'तू' म्हणून. ही अट महत्त्वाची आहे. अरण्यात इस्राएल लोक आपापल्या तंबूंत बसून देवाविषयी कुरकुरले (स्तोत्र १०६:२५), स्तोत्रकर्ता तेच दुःख देवाच्या तोंडावर मांडतो. शब्द कधी कधी सारखेच असतात, तोंड कुणाकडे आहे ते वेगळं असतं.

पुढची पाच मिनिटं मागणं, आणि तेही नेमकं. 'माझं दुःख दूर कर' हे इतकं मोठं आहे की उत्तर मिळालं की नाही ते कळतच नाही. 'आज रात्री सलग चार तास झोप लागू दे', 'उद्याच्या तपासणीच्या वेळी मन ताळ्यावर राहू दे', असं लिहा. शेवटची तीन मिनिटं एकच वाक्य: हे संकट येण्याआधीही खरं होतं आणि आजही खरं आहे असं देवाविषयीचं काही. 'मला आनंद झाला आहे' असं लिहायचं नाही. पाचव्या वचनातही दावीद (हे स्तोत्र त्याच्याच नावावर आहे) आपल्या भावनेचा हवाला देत नाही, देवाच्या दयेवर भरवसा टाकल्याचं सांगतो, आणि आनंदाची गोष्ट त्यानंतर येते.

हमखास होणारी चूक म्हणजे तिसऱ्या भागापासून सुरुवात करणं. तक्रार गिळून थेट भरवशावर उडी मारली की चार दिवसांनी प्रार्थना पोकळ वाटायला लागते आणि मग ती बंदच पडते. उलट एखाद्या दिवशी तिसरा भाग आलाच नाही, तर तिथेच थांबा. स्तोत्र ८८ असंच थांबतं. इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे, आणि तरीही ते स्तोत्रांच्या पुस्तकात आहे.

काठाकाठाने

वरच्या उत्तराला दुजोरा. फिलिप्पैकरांस पत्राबद्दल थोडी भर घालतो, कारण सगळा घोळ ४:४ एकटं वाचल्यामुळे होतो.

प्रेषित पौल हे पत्र फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना बेड्यांत असताना लिहितो (१:१३). चार अध्यायांच्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा आहे, हे सगळे सांगतात. पण २:२७ कुणी वाचून दाखवत नाही. पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला, आणि पौल लिहितो की देवाने दया केली नसती तर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे 'सर्वदा आनंद करा' म्हणणाऱ्या माणसाच्या त्याच पत्रात दुःखाची कबुलीही आहे. आनंद आणि दुःख एका मनात एकाच वेळी राहू शकतात. एक आत आलं की दुसऱ्याने बाहेर जायचं, असा नियम नाही.

आणखी दोन बारकावे. ४:४ मधला जोर 'प्रभूमध्ये' या शब्दावर आहे. परिस्थितीत आनंद मानायला पौल सांगत नाही. आणि ४:११-१२ मध्ये समाधानी राहायला 'मी शिकलो आहे' असं तो म्हणतो. शिकायला वेळ लागतो, मध्ये नापासही व्हायला होतं. ४:१३ चं 'मी सर्वकाही करू शकतो' हे भुकेलं राहणं आणि तृप्त असणं, दोन्ही झेलण्याबद्दल आहे. ते परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या यशासाठी वापरलं की अपयश आल्यावर वचनच खोटं ठरल्यासारखं वाटतं. चूक वचनाची नसते, ते संदर्भातून उपटण्याची असते.

वाचनाचा क्रम विचारलात, तर चार आठवड्यांसाठी असा. सकाळी एक विलापस्तोत्र: १३, ४२, ४३, ७७, ८८, १३०, १४२, आणि आठवडा झाला की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी फिलिप्पैमधली सात-आठ वचनं, त्याहून जास्त नाही. दुःखात एकाग्रता टिकत नाही, तेव्हा रोज तीन अध्यायांचा वार्षिक तक्ता खुशाल बाजूला ठेवा. तक्त्यात मागे पडल्याचा अपराधीपणा हा विनाकारण ओढवून घेतलेला त्रास आहे. डोळ्यांना शब्द चिकटत नसतील तर मोठ्याने वाचा.

'धन्यवाद' खोटा ठरतो का? १ थेस्सलनीका ५:१८ सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतं. स्थिती'त' आणि स्थिती'बद्दल' यांत फरक आहे. कर्करोगाबद्दल आभार मानायचे नाहीत. त्या दिवसात जे चांगलं घडलं त्याबद्दल मानायचे, आणि तेही नावानिशी: 'सगळ्या आशीर्वादांबद्दल' असं मोघम नको, 'दुपारी वेदना तासभर कमी होती त्याबद्दल' असं.

मोहरीचा_दाणा

हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. एक शंका. इफिस ५:२० मध्ये तर सर्व गोष्टीं'बद्दल' उपकारस्तुती करा असंच आहे ना? मग 'त' आणि 'बद्दल'चा फरक तिथे कसा टिकणार?

काठाकाठाने

रास्त शंका. त्या एका विभक्तीवर सगळा डोलारा उभा करू नये, हे मान्य. पण तेच पत्र चार वचनं आधी दिवस वाईट आहेत असं स्पष्ट म्हणतं (५:१६). म्हणजे वाइटाला चांगलं म्हणा, अशी मागणी तिथेही नाही. आणि मरण पावलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू रडला (योहान ११:३५), तेही आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असताना. पुढे चांगलं होणार आहे म्हणून आत्ताचं रडू अनाठायी ठरत नाही, इतकं तर त्यातून नक्की निघतं.

तिसरा_प्रहर

हेतूच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, तो मी घेते.

१ राजे १९ नीट क्रमाने वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला त्याच्या आयुष्याचा हेतू समजावून सांगत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग चाळीस दिवसांची चाल. मग होरेब डोंगरावर 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न, तोही दोनदा, आणि एलीया दोन्ही वेळा तीच तक्रार करतो. त्यानंतर कामं मिळतात, तीन आणि अगदी ठोस: हजाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक कर. तू एकटा नाहीस, सात हजार अजून आहेत, हे तर सगळ्यात शेवटी सांगितलं जातं. आपण हा क्रम उलटा लावतो. रात्रभर जागून 'माझ्या जीवनाचा हेतू काय?' असं विचारत बसतो. उपाशी, न झोपलेल्या डोक्याला या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'काही नाही' असंच मिळतं.

दुसरा उतारा यिर्मया २९. अकरावं वचन ('तुमच्याविषयीच्या माझ्या योजना मला ठाऊक आहेत' या अर्थाचं) भिंतीवर टांगलेलं असतं, दहावं नसतं. दहाव्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत! हा अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान असलेल्यांना होतं, आणि ज्यांनी ते आधी ऐकलं त्यातले बरेचसे परतीचा दिवस बघायला जगणारच नव्हते. त्यांना काय करायला सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं हित पाहा (२९:५-७). आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा 'दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल' असं सांगतो. अर्थातच लोकांना तो जास्त आवडला असणार. पण तो खोटा होता. संकटाला आपण मनात मुदत घालून देतो, 'वर्षअखेरपर्यंत देव मार्ग काढेलच' म्हणतो, ती मुदत टळते आणि विश्वास कोसळतो. प्रत्यक्षात तो हनन्याच्या वाक्यावरचा विश्वास असतो.

रोजच्यासाठी रात्री एका चिठ्ठीवर उद्याची दोनच कामं लिहा. एक स्वतःच्या देहाचं: आंघोळ, चालणं, वेळेवर जेवण. दुसरं दुसऱ्या माणसाचं, वीस मिनिटांत संपेल असं: एक फोन, कुणाचा अर्ज भरून देणं, एखाद्या आजाऱ्याजवळ बसणं. दुसऱ्या कामाला २ करिंथ १:४ चा आधार आहे, मिळालेल्या सांत्वनानेच इतरांचं सांत्वन करता येतं. पण मापात. दुःख टाळण्यासाठी मंडळीच्या (चर्चच्या) पाच समित्यांत नाव घालणारे लोक दोनेक महिन्यांत पार गळून जातात, आणि टाळलेलं दुःख तसंच वाट बघत असतं.

कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाचा (१४९१–१५५६) एक नियम इथे फार कामाचा आहे, पंथ कोणताही असो. मन कोरडं पडलेल्या काळात आधी केलेले निश्चय बदलायचे नाहीत. मंडळी सोडणं, सेवा सोडणं, नातं तोडणं, असा विचार आला तर तारीख घालून वहीत लिहा आणि मन निवळल्यावर बघा. प्रार्थना नकोशी वाटली तर ठरलेल्या वेळेतून मिनिटं कापायची नाहीत, उलट थोडी जास्तच बसायचं, असंही त्याने सांगितलं आहे. एक अपवाद मी माझ्या जबाबदारीवर जोडते: जिथे मारहाण किंवा छळ होतोय तिथून बाहेर पडायला मन निवळायची वाट बघू नका.

पडवीतला_दिवा

सगळं पटलं, पण एक गोष्ट राहून जातेय. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हे नैराश्य असू शकतं आणि ते डॉक्टरला दाखवायचं असतं. वही आणि स्तोत्रं सोबत चालू द्या, पण त्यांना औषधाच्या जागी बसवू नका. 'प्रार्थनेने बरा झालो' म्हणून चालू गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं आहे, काही औषधं टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागतात आणि तेही डॉक्टरच ठरवतात. जीव द्यावासा वाटत असेल तर ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.

सोबत करणाऱ्यांसाठी: सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले (ईयोब २:१३) तोवर बरे होते. बोलायला लागले आणि बिघडलं, शेवटी देवानेच त्यांना चूक ठरवलं (४२:७). रोमकर ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) खरं आहे, पण अंत्यविधीच्या दारात ते फेकू नका. रोमकर १२:१५ (रडणाऱ्यांबरोबर रडा) आधी.

मोहरीचा_दाणा

शेवटचं विचारते. उपासनेत सगळे उभे राहून आनंदाची गाणी गातात तेव्हा तोंडातून शब्दच फुटत नाही. अशा वेळी न गेलेलं बरं का?

जुनी_शाई

जा, पण गाण्याची सक्ती स्वतःवर करू नका. पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडलं तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं मार्क २:५ म्हणतं, वाहून आणणारे चौघे त्यात आले. काही रविवार इतरांच्या आवाजावर टेकून काढता येतात. कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे मध्येच उठून बाहेर जाता येईल. प्रभुभोजन घ्या, त्यात बोलावं लागत नाही, फक्त हात पुढे करायचा असतो.

आणि सगळ्या मंडळीला सांगत बसू नका. दोन माणसं निवडा, आठवड्यातून एकदा त्यांच्यापैकी एकाला फक्त विचारायला सांगा: या आठवड्यात स्तोत्र कोणतं वाचलंस? 'कशी आहेस?' विचारलं की 'बरी आहे' हे उत्तर आपोआप येतं, या प्रश्नाला ते चालत नाही. प्रार्थनाविनंती गटावर टाकायची असेल तर आधी त्या दोघांना दाखवा. आजाराचा तपशील एकदा गटावर गेला की तो परत घेता येत नाही.