मेळघाटातून खाली आलेल्या कोरकू आदिवासी कुटुंबांसाठी काय करता येईल?

प्रश्न (शिक्षिका, अकोट तालुका): व्याघ्र प्रकल्पातून उठून आलेल्या गावांतली मुलं माझ्या वर्गात आहेत. कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज मिळालेल्या घरांत आज मजुरीवरच चूल पेटते. वर डोंगरात मोहफुलं, कुटकीसारखं बारीक धान्य, रानभाज्या हाताशी होत्या. इथे भाजीसुद्धा विकत. आया सोयाबीनच्या निंदणाला जातात. एका मुलीचे हातपाय सारखे ठणकतात, डोळे पिवळसर दिसतात. घरचे म्हणतात, हवा मानवली नाही. मला ते पटत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १ (आरोग्यसेविका): मॅडम, आधी सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबावर सोल्युबिलिटी नावाची प्राथमिक चाचणी होते, पण त्यावर थांबू नका. ती पॉझिटिव्ह आली तरी मुलगी वाहक (स्वतः आजारी नाही, पण पुढे मुलांना आजार देऊ शकणारी) आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या तपासण्यांनीच कळतं. रुग्ण निघाली तर फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया ही औषधं डॉक्टर ठरवतील. तुम्ही वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, पाहिजे तेव्हा लघवीला सोडा, थंडीत स्वेटर घालायला लावा. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. भावंडांचीही तपासणी करा.

उत्तर २: पोटापाण्याचं म्हणाल तर आधी कागद बघा. ज्यांनी जमीन घेतली त्यांचा सातबारा नावावर आहे का? नसेल तर पीककर्ज नाही, म्हणजे सावकार आलाच. रेशनकार्डही नव्या गावात लागलंय का ते विचारा.

शिक्षिका: उद्याच मुलीच्या आईला घेऊन केंद्रावर जाते. कोरकू बोलणारी आशाताई सोबत मिळाली तर फार बरं होईल.