मदत हवी आहे : स्थलांतरितांविषयीच्या सर्व्हेचे प्रश्न मराठीत कसे विचारावेत?

मंडळी, एम.ए.च्या प्रबंधासाठी मी मुंबईत सर्व्हे करतेय. बाहेरून आलेल्यांपैकी कोणाला इथे कायमचं राहू द्यावं, असं लोकांना वाटतं? थेट विचारलं की माणसं सावध होतात. म्हणून दोन काल्पनिक माणसांची कार्डं शेजारी ठेवते. शिक्षण, काम, भाषा, राज्य, सगळं चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. एक निवडायचं. हाइनम्युलर आणि हॉपकिन्स या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेत याच पद्धतीने नऊ गुणधर्म तपासले होते; तिथे शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्यांना पसंती मिळाली.

लालबागच्या चाळीत चाचणी घेतली. एका काकूंनी दोन्ही कार्डं डोळ्यांजवळ धरून वाचली, खाली ठेवली आणि विचारलं, "हा दोन हजारच्या आधीचा आहे का गं?" झोपडी १ जानेवारी २००० पूर्वीची असेल तर पुनर्वसनात मोफत घर, हा हिशेब इथे सगळ्यांना पाठ. माझ्या कार्डावर वर्षच नव्हतं! ते आता घालणारच आहे.

अडलंय ते दोन ठिकाणी. आडनाव लिहिलं की जात आणि प्रांत दोन्ही कळतात, मग निवड नेमकी कशामुळे झाली ते सुटं करता येत नाही. नाव काढूनच टाकू का? आणि घटनेच्या कलम १९ नुसार भारतीय नागरिकाला देशात कुठेही राहता येतं, तेव्हा "परवानगी द्यावी का" हे शब्दच मला खटकतात. "शेजारी म्हणून कोण चालेल" म्हटलं तर प्रश्न बदलतो. अशी फील्डवर्कची कामं मराठीतून केलेल्या कोणी नेमकी वाक्यरचना सुचवाल का? पुढच्या आठवड्यात कार्डं छापायची आहेत.