आइसलँडला जिओथर्मल प्लांट बघायचाय, कुठला बघू?

संगमेश्वरवाला: जूनमध्ये आम्ही चौघं आइसलँडला चाललोय. लेक अकरावीत आहे, जमिनीतल्या वाफेवर वीज कशी होते ते तिला प्रत्यक्ष बघायचंय, पण टूरवाले नुसतं ब्लू लगून हे गरम पाण्यात डुंबायचं ठिकाणच गळ्यात मारतायत. राजधानी रेक्याविकहून दिवसात जाऊन येता येईल असं काही सुचवा. आणि आपल्या कोकणात तुरळ-राजवाडीच्या कुंडांत एवढं कढत पाणी आहे, मग तिथे वीज का नाही करत?

उत्तरवारा: हेल्लिशेयदीला जा, दुसरा विचारच करू नका! गाडीने अर्धा तास, 303 मेगावॅटचा प्लांट आणि आत लोकांसाठी प्रदर्शन पण आहे. दोन-तीन किलोमीटर खोल बोअरमधून वाफ आणि पाणी एकत्र वर येतं, सेपरेटरमध्ये वाफ वेगळी काढून टर्बाइनवर सोडतात, उरलेल्या उष्णतेवर थंड पाणी तापवून ते पाइपाने रेक्याविकच्या घरांत जातं. हॉटेलात गरम नळाला हात लावाल तेव्हा लेकीला हे सांगा. कार्बफिक्सचं नक्की विचारा, वाफेसोबत येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडतात, दोन वर्षांत बहुतेक सगळ्याचा दगड होतो. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच खडक हो. ब्लू लगून म्हणजे स्वार्त्सेंगी प्लांटमधून बाहेर पडणारं पाणी, वाटेवर असेल तर बघा, पण डिसेंबर 2023 पासून त्या भागात ज्वालामुखीचे उद्रेक झालेत तेव्हा निघण्याआधी चालू आहे का बघून घ्या.

संगमेश्वरवाला: वा, हेल्लिशेयदी नक्की. पण तुरळचं राहिलंच की?

बोअरवाले काका: ते मी सांगतो. कोकणातल्या कुंडांत पाणी फार तर सत्तर अंशांच्या आसपास, त्याची टर्बाइन फिरवण्याइतकी वाफ होत नाही. बायनरी प्लांटमध्ये मात्र गरम पाण्यावर कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवतात आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन चालतं. अलास्कात चेना इथे 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज होतेय, पण तिथे ती वाफ परत थंड करायला जवळजवळ बर्फासारखं पाणी मिळतं आणि सगळी गंमत गरम-थंडाच्या त्या फरकात आहे. कोकणात थंड करायचं पाणीच पंचवीसच्या वर, मग हाती वीज ती किती येणार? खोल बोअर मारून खाली जास्त तापमान लागलं तर गोष्ट वेगळी. तोवर त्या पाण्याच्या उष्णतेवर कोकम, मासळी वाळवायचे ड्रायर चालवावेत, पावसाळ्यात त्याचा खरा उपयोग होईल. आणि भारतात विजेसाठी बघायचंच तर लडाखचं पुगा, तिथे 1 मेगावॅटच्या प्रकल्पासाठी ओएनजीसीने 2021 मध्ये करार केलाय.